जुनं घड्याळ घ्यावं की नवं? आधी तबकडी वाचायला शिका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांच्या कपाटात एचएमटी जनता सापडलं, चावी दिल्यावर चालू झालं, आणि तेव्हापासून जुनी घड्याळं जमवावीशी वाटू लागली आहेत. ऑनलाइन दोन-अडीच हजारांत लाल, निळ्या, केशरी तबकड्यांची ‘विंटेज’ घड्याळं दिसतात, ती घ्यावीत का? मित्रांचं म्हणणं, त्यापेक्षा एखादं चांगलं नवं घे. मग जुन्यात एवढी गोडी कशाची, आणि सुरुवात कुठून करायची?

ती लाल-केशरी घड्याळं घेऊ नका, हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढे येईलच. आणि जुनं की नवं यात एकाच बाजूला जायची गरज नाही. जुन्या घड्याळात शोधण्याचा आणि ओळखण्याचा आनंद असतो, नव्यात ते निर्धास्तपणे मनगटावर बांधून पावसापाण्यात, लोकलच्या गर्दीत फिरण्याचा. मी घड्याळं दुरुस्तही करतो आणि जमवतोही. माझ्या पाहण्यात ज्यांचा छंद टिकला, ते सगळे घड्याळ विकत घेण्यापेक्षा घड्याळ बघण्यात जास्त वेळ घालवणारे लोक आहेत. बघायला शिकलं की कमी पैशांत भरपूर आनंद मिळतो. ते न शिकता कितीही पैसे घातले तरी ड्रॉवर भरतो, संग्रह होत नाही.

बघायला शिकण्यासाठी घरातल्या जनताइतकं चांगलं घड्याळ दुसरं नाही. चावी दिल्यावर ते चालू झालं म्हणजे मशीन शाबूत आहे, पण लगेच रोज वापरायला काढू नका. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या घड्याळातलं तेल वाळून चिकट झालेलं असतं. तसंच चालवत राहिलं तर चाकांचे पिव्हट, म्हणजे आसांची बारीक टोकं, कोरडीच घासत राहतात. पिव्हट झिजला की दुरुस्ती महाग पडते आणि भाग सहज मिळत नाहीत. म्हणून आधी पूर्ण सर्व्हिसिंग करून घ्या. पूर्ण म्हणजे मशीन सुटं करून, एकेक भाग धुऊन, पुन्हा जोडून, जिथे लागतं तिथेच आणि लागतं तेवढंच तेल देणं. मशीन न सोडता पेट्रोलमध्ये बुडवून, वाळवून, वरून तेलाचा थेंब सोडून परत देणारेही आहेत. घड्याळ त्यानंतर काही महिने छान चालतं, पण आत घासकाम सुरूच असतं. द्यायच्या आधी सरळ विचारा, ‘मशीन पूर्ण सोडणार ना?’ चांगल्या घड्याळजींना या प्रश्नाचा राग येत नाही.

त्यांची हरकत नसेल तर झाकण उघडताना समोर बसा. पहिल्यांदा नजर जाते ती बॅलन्सवर, इकडून तिकडे झोके घेणाऱ्या चाकावर. जनतामधलं ०२३१ हे मशीन तासाला १८,००० ठोके देतं. सेकंदाला पाच, दिवसाला ४,३२,०००. असं घड्याळ दिवसाकाठी अर्धा मिनिट पुढे गेलं तर लोक नाक मुरडतात, पण दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत तीस सेकंद म्हणजे दहा हजारांत साडेतीनची चूक. हे सगळं सेलशिवाय, सर्किटशिवाय, आत गुंडाळलेल्या एका पोलादी पट्टीच्या ताकदीवर. ती पट्टी एका झटक्यात सुटू पाहते आणि एस्केपमेंट, म्हणजे तिला अडवून सोडणारी यंत्रणा, ठोक्याठोक्याने मोजून सोडते. हे सगळं डोळ्यांसमोर घडताना दिसतं. मोबाइलमध्ये यापेक्षा कितीतरी अचूक वेळ आहे, पण ती कशी ठरते हे कुणाला उघडून बघता येत नाही.

मग तबकडीवरचे शब्द बघा. ‘१७ ज्वेल्स, पॅराशॉक’. ज्वेल्स म्हणजे कारखान्यात तयार केलेली माणकं. पिव्हट धातूत फिरला तर लवकर झिजतो, माणकात फिरला तर वर्षानुवर्षं टिकतो, म्हणून ती बसवतात. जुनं घड्याळ विकताना ‘आत सतरा खडे आहेत’ म्हणून भाव चढवणारे भेटतील. त्या खड्यांना दागिन्याची किंमत नसते. पॅराशॉक ही धक्क्यापासून संरक्षण देणारी योजना सिटिझन या जपानी कंपनीने १९५६ मध्ये आणली. बॅलन्सच्या टोकावरचं माणिक घट्ट न बसवता बारीक स्प्रिंगखाली ठेवायचं. घड्याळ पडलं तर माणिक जरासं सरकतं आणि बॅलन्सचं टोक वाचतं. भिंगातून बॅलन्सच्या बरोबर मध्यावर ती स्प्रिंग दिसते. एचएमटीने १९६१ मध्ये बंगळुरूला घड्याळांचा कारखाना सुरू केला तो सिटिझनच्याच सहकार्याने, त्यामुळे आपल्या जनतामध्ये जपानी आराखडा आहे. पुढे श्रीनगर, तुमकुरू आणि उत्तराखंडातल्या राणीबाग इथेही कारखाने झाले. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करण्याला मंजुरी दिली.

आता घड्याळ उलटं करून मागची बाजू वाचा. तिथे बहुधा ‘स्टेनलेस स्टील बॅक’ असं कोरलेलं असेल. नवखे लोक इथे हमखास फसतात. याचा अर्थ फक्त मागचं झाकण स्टीलचं आहे. बाकीची केस, म्हणजे बाहेरची डबी, पितळेची, वर क्रोमचा मुलामा. आपल्याकडच्या घामाने तो मुलामा आधी लगच्या, म्हणजे पट्टा जोडायच्या शिंगांच्या, टोकांना आणि मागच्या कडेला जातो, बारीक खड्डे पडतात, आतलं पिवळं दिसू लागतं. म्हणून तीस-चाळीस वर्षं वापरलेल्या अशा घड्याळाची केस आरशासारखी चकचकीत असेल तर ती पुन्हा मुलामा दिलेली असणार किंवा बदललेली. सोनेरी घड्याळांवर ‘२० मायक्रॉन’ वगैरे लिहिलेलं असतं, ती सोन्याच्या थराची जाडी. तो थर कुठे उडाला आहे हेही तिथेच, लगच्या कडांवर कळतं.

त्या लाल-केशरी तबकड्यांची गोष्ट अशी आहे. जगभरचे संग्राहक त्यांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत. आपल्याकडे कित्येक दशकं घड्याळांच्या आयातीवर कडक बंधनं होती. आधी येऊन गेलेली स्विस घड्याळं लाखो घरांत होती, सुटे भाग मात्र मिळत नव्हते. मग कारागिरांनी एका घड्याळाचं मशीन, दुसऱ्याची केस, तिसऱ्याचे काटे जोडून ती चालती ठेवली आणि डागाळलेल्या तबकड्या घासून पुन्हा रंगवल्या. या कारागिरीबद्दल मला मनापासून आदर आहे. हातात दुसरं काही नसताना या लोकांनी गावोगावची घड्याळं थांबू दिली नाहीत. खोट आहे ती त्याच पद्धतीने आज नवा रंग फासून, त्यावर मोठं नाव छापून, ‘ओरिजिनल विंटेज’ म्हणून विकण्यात. फेव्हर ल्युबा, वेस्ट एंड, कॅमी ही स्विस घड्याळं, जपानची जुनी सायको ५ आणि आता एचएमटी, सगळ्यांच्या वाट्याला हे आलं आहे.

रंगवलेली तबकडी ओळखणं जमतं, फक्त दहापट मोठं दाखवणारं भिंग हवं. पायलट हे एचएमटीचं सगळ्यात लाडकं मॉडेल, म्हणून तेच उदाहरण घेतो. पायलट म्हटलं की काळी तबकडी आणि पांढरे आकडे. समोर भडक निळी तबकडी आहे आणि त्यावर ‘पायलट’ लिहिलं आहे, तर नव्वद टक्के निकाल तिथेच लागला. तबकडी काळी असेल तर भिंग लावा. कारखान्यात छापलेल्या अक्षराची कड स्वच्छ असते आणि शाई किंचित उठून येते. पुन्हा छापलेल्या अक्षराची कड फुटलेली असते, ‘एम’च्या पायांमधली जागा भरून आलेली असते. मग मिनिटांच्या रेषा बघा. बाराच्या खुणेसमोरची रेषा तिच्या मध्यावर आहे का, तशीच सहासमोर आणि नऊसमोर आहे का? एका बाजूला बरोबर आणि दुसऱ्या बाजूला केसभर सरकलेली असेल तर छपाई नंतरची. शेवटी काटे. मिनिटकाट्याचं टोक मिनिटांच्या रेषांपर्यंत पोचलं पाहिजे. ते अलीकडेच थांबत असेल तर काटे दुसऱ्या घड्याळातून आले आहेत. तबकडीच्या तळाशी सहाच्या दोन्ही बाजूंना असलेली बारीक अक्षरंही वाचा. पुन्हा छापताना तीच हमखास गळतात किंवा चुकीची येतात.

एवढं जमायला लागलं की पिवळसर पडलेली, कडेला दमटपणाचे ठिपके असलेली खरी तबकडी नव्या चकचकीत तबकडीपेक्षा सुंदर वाटू लागते. ही नजर यायला थोडा काळ जातो, आणि जुन्या घड्याळांची खरी गोडी तिथून सुरू होते. माझं ठाम मत आहे की साधं पण अस्सल जनता हे रंगवलेल्या पायलटपेक्षा केव्हाही मोलाचं. ‘रिस्टोर’ या शब्दाला भुलू नका. मशीन धुणं, काच बदलणं, पट्टा नवा घालणं यात काही गैर नाही. काच तर खर्चीच पडायची वस्तू आहे. तबकडी मात्र कुणालाही घासू देऊ नका, केसला जोराचं पॉलिश करू देऊ नका. पॉलिशने लगच्या धारदार कडा गोल होतात आणि त्या परत आणता येत नाहीत.

काय शोधावं? एक विषय धरा. नुसतं ‘जुनं’ हा विषय होत नाही. एचएमटी धरलं तरी पुष्कळ आहे: देवनागरी आकड्यांच्या तबकड्या, हिंदीत वार दाखवणारी २१ ज्वेल्सची ऑटोमॅटिक (मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी भरणारी), लग्नात जावयाला द्यायची सोनेरी कांचन, बायकांचं नाजूक सुजाता. अंधांसाठी केलेलं ब्रेल घड्याळही आहे. त्याची काच झाकणासारखी उघडते आणि बोटांनी काटे चाचपून वेळ कळते. यांतलं मला सगळ्यात जास्त आवडतं ते देवनागरी जनता. ‘१०’, ‘११’, ‘१२’ आपल्या वळणाने त्या छोट्या वर्तुळात बसवताना तबकडी काढणाऱ्याने किती विचार केला असेल, हे रोज बघूनही मला नव्याने जाणवतं. पण मागणी वाढली तशा देवनागरी तबकड्याही आता नव्याने छापल्या जातात, त्यामुळे भिंग इथे आणखी गरजेचं.

स्विसकडे जायचं असेल तर मुंबईशी खरं नातं असलेली दोन नावं आहेत. वेस्ट एंड वॉच कंपनी १८८६ पासून मुंबईत होती. तिच्या ‘सोवार प्रायमा’ घड्याळातला ‘सोवार’ म्हणजे आपला घोडेस्वारच. फेव्हर ल्युबा हे घराणं १७३७ पासूनचं आणि भारतात आलं ते एकोणिसाव्या शतकात. १९६२ मध्ये त्यांनी बिव्हुआक नावाचं मनगटी घड्याळ काढलं, त्यात उंची मोजणारं यंत्र बसवलेलं होतं. ते आपल्या आवाक्यातलं नाही, पण सी चीफ आणि सी किंग आपल्याकडे घराघरांत होती. तबकडीवर ‘ट्विन पॉवर’ लिहिलेलं अस्सल सी किंग मिळालं तर आत स्प्रिंगचे दोन डबे शेजारी शेजारी बसवलेले दिसतात. ताकद दोघांत वाटली जाते, त्यामुळे मशीन पातळ ठेवता येतं आणि चालतंही जास्त वेळ. फेव्हर ल्युबा हे नाव आज भारतीय मालकीचं आहे. आधी टायटनने घेतलं होतं, आता इथॉस या घड्याळं विकणाऱ्या कंपनीकडे आहे. १९६० च्या आधीच्या स्विस घड्याळांत एक काळजी घ्या. अंधारात चमकणारा रंग किरणोत्सर्गी रेडियमचा असू शकतो. तो खरवडू नका, घड्याळ घरी उघडू नका.

कुठे शोधावं? पुण्यात जुना बाजार, मुंबईत चोर बाजार, ही नावं सगळे सांगतात, आणि तिथे फिरायला मजा येते. पण चांगली घड्याळं मला जास्त करून दोन ठिकाणी मिळाली: लोकांच्या घरी आणि वयस्कर घड्याळजींच्या ड्रॉवरमध्ये. दुरुस्तीला टाकून मालक कधी परतच आले नाहीत, अशी घड्याळं त्यांच्याकडे पाकिटात नाव-तारखेसकट पडून असतात. घरची घड्याळं तर बोलतात. कुणाच्या झाकणावर बँकेचं नाव आणि ‘२५ वर्षांच्या सेवेबद्दल’ असं कोरलेलं, कुणाच्यावर लग्नाची तारीख. बाजारात कोरीव मजकुराने किंमत उतरते म्हणतात. मी तर तो असला की आनंदाने घेतो, कारण तेवढाच एक पुरावा असतो की हे घड्याळ एका माणसाचं होतं. कुणी घरातलं घड्याळ विकायला काढलं तर आधी त्यांच्या मुलांना विचारलं का, एवढं विचारत जा.

घेताना मशीन तपासायचं ते असं. चावी देताना दाणेदार, सारखा प्रतिकार जाणवला पाहिजे, मधेच निसटता कामा नये. पूर्ण चावी दिल्यावर घड्याळ आडवं ठेवा, मग उभं धरा. दोन्हीत ठोका सारखा ऐकू आला पाहिजे. उभं धरल्यावर मंदावत असेल तर बॅलन्सचा पिव्हट गेला असण्याची शक्यता मोठी. विक्रेता उघडून दाखवायला तयार नसेल तर पुढे चालू लागा. घड्याळजींकडे टाइमग्राफर, म्हणजे ठोके ऐकून चाल मोजणारं यंत्र, असेल तर त्यावर ठेवायला सांगा. दिवसाची चूक तर कळेलच, पण त्याहून मोलाचा आकडा अ‍ॅम्प्लिट्यूडचा, म्हणजे बॅलन्स किती अंशांत झोका घेतं. पूर्ण चावीवर २७० अंशांच्या आसपास असेल तर उत्तम, २०० च्या खाली असेल तर सर्व्हिसिंगचा खर्च धरूनच भाव करा. आणि घड्याळ अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे जायला लागलं तर आधी चुंबकत्वाची शंका घ्या. मोबाइलच्या स्पीकरजवळ, टॅबच्या चुंबकी कव्हरवर घड्याळ ठेवलं की हेअरस्प्रिंगची, म्हणजे बॅलन्सला जोडलेल्या केसासारख्या बारीक स्प्रिंगची, वेटोळी एकमेकांना चिकटतात. डीमॅग्नेटायझर या चुंबकत्व घालवणाऱ्या उपकरणावर मिनिटभरात ठीक होतं.

तुमचे मित्रही चुकीचं सांगत नाहीत. नव्या घड्याळांचा आनंद वेगळा आहे आणि तो कमी प्रतीचा मुळीच नाही. सायकोने २५ डिसेंबर १९६९ ला अ‍ॅस्ट्रॉन हे पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणलं, आणि अचूकपणा सामान्य माणसाच्या मनगटावर येण्याचा रस्ता खुला झाला. आजच्या बहुतेक क्वार्ट्झ घड्याळांत स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. २००२ ची टायटन एज हातात घेऊन बघा. सगळं घड्याळ ३.५ मिलिमीटर जाडीचं, आतलं मशीन १.१५ मिलिमीटरचं. होसूरच्या कारखान्यातली ही कामगिरी कुठल्याही संग्रहात मानाने बसते. १९८३ च्या कॅसिओच्या जी-शॉक या दणकट घड्याळामागे ठरवलेलं उद्दिष्ट होतं: दहा मीटरवरून पडलं तरी चालेल, दहा बार पाण्याचा दाब सोसेल, सेल दहा वर्षं टिकेल. पॅराशॉकची बारीक स्प्रिंग आणि जी-शॉक शेजारी ठेवा. धक्क्याचा तोच प्रश्न सत्तावीस वर्षांच्या अंतराने किती वेगळ्या तऱ्हेने सोडवला आहे ते दिसेल. जुनी आणि नवी घड्याळं एकत्र जमवण्यात मला हीच मजा वाटते.

तुम्ही पहिलं नवं घेणार असाल तर माझा सल्ला सायको ५ सारख्या साध्या ऑटोमॅटिकचा किंवा उजेडावर चालणाऱ्या सिटिझन इको-ड्राइव्हचा. ऑटोमॅटिक घेतलंत तर रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारीख बदलू नका. त्या वेळेत तारखेची चाकं गुंतलेली असतात, जोर दिला तर दाते मोडतात. महागड्या स्विस घड्याळांच्या मागे भाव वाढेल म्हणून लागू नका. तो व्यापार आहे, त्याची गणितं वेगळी.

आपल्या हवेबद्दल मात्र नीट ऐका, कारण कोकणपट्टीत घड्याळं वापराने मरत नाहीत, दमटपणाने मरतात. जुन्या घड्याळाला पाणी लागू देऊ नका, मागे ‘वॉटरप्रूफ’ कोरलेलं असलं तरी. आतला गॅस्केट, म्हणजे पाणी अडवणारी रबरी कडी, केव्हाच कडक झालेला असतो. नव्यावरच्या ‘३० मीटर’चा अर्थही हात धुताना उडणारे शिंतोडे एवढाच घ्या. पोहायला जायचं तर किमान १०० मीटरचं हवं. काचेच्या आत वाफ धरली तर ‘वाळेल’ म्हणून थांबू नका, त्याच दिवशी उघडून घ्या, कारण गंज एका रात्रीत धरतो. पावसाळ्यात घड्याळं हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, आणि जेल मधूनमधून तापवून कोरडं करत जा. चावीची घड्याळं महिन्यातून एकदा चावी देऊन चालवा. सेलवरचं घड्याळ बंद पडलं आणि लगेच वापरायचं नसेल, तर सेल काढून ठेवा. आत राहिलेला सेल फुटून पाझरला की सर्किट खातो.